बोली लावण्याआधी जाहिरात शेवटपर्यंत वाचा

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय घरबसल्या ऑनलाईन मिळणाऱ्या कामाबद्दल, म्हणजे अपवर्क, फ्रीलान्सर डॉट कॉम अशा साईटवर बोली लावून, म्हणजे जाहिरातीला आपला रेट सांगून अर्ज करून जे काम मिळतं ना, ते. मी स्वतः मराठी सबटायटल आणि भाषांतराची कामं अशीच मिळवते, पण सुरुवातीचे दोन महिने एकाचाही रिप्लाय नाही. येणार कसा, मी "डिअर सर, मला अमुक वर्षांचा अनुभव आहे" असा एकच मजकूर सगळीकडे चिकटवत होते. मग एकदा एका जाहिरातीत पार तळाला ओळ दिसली, अर्जाच्या सुरुवातीला 'मँगो' हा शब्द लिहा. तेव्हा कळलं, कोण शेवटपर्यंत वाचतंय हे क्लायंट असं तपासतो. त्या दिवशी 'मँगो' लिहून खाली त्याच्याच व्हिडिओतल्या सहा ओळी मराठीत करून पाठवल्या, आणि संध्याकाळी रिप्लाय आला! पहिलं काम ते.

बरं, अपवर्कवर बोली फुकट नसते, कनेक्ट्स म्हणजे साईटची विकत घ्यायची टोकन लागतात, एक कनेक्ट 15 सेंटला पडतो आणि एका बोलीला असे बरेच जातात, त्यामुळे दिसेल तिथे बोली मारत सुटू नका, दिवसाला दोनच करा पण मन लावून करा. रेटही विचार करून सांगा. फ्रीलान्सरवर ठरलेल्या रकमेच्या कामात 10 टक्के किंवा 5 डॉलर, यातलं जे जास्त ते कापतात, म्हणजे 20 डॉलरचं काम घेतलंत तर पाव हिस्सा तिथेच गेला.

आणि हे मात्र कळकळीने सांगते, क्लायंटने माइलस्टोनचे, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्याचे पैसे साईटकडे जमा केल्याचं दिसल्याशिवाय कामाला हात लावू नका. मला एकाने टेलिग्रामवर बोलावलं, पैसे तिथेच देतो म्हणाला, मी साडेचारशे ओळी करून दिल्या आणि माणूस गायब, साईटवर काही नोंदच नाही तर तक्रार कुठे करणार? रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट असलं काही मागणारा क्लायंट तर सरळ ब्लॉक करायचा, आणि पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावा.

नव्याने सुरू करत असाल तर आज रात्री सर्चमध्ये नुसतं 'मराठी' टाकून बघा, इंग्रजीतही टाका, जाहिराती मोजक्याच दिसतील पण गर्दीही कमी असते, मला आजही निम्मी कामं तिथूनच येतात.