आत येणारी हवा

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'मोटरसायकलचा कार्ब्युरेटर घरी उघडणे व पुन्हा सीलबंद करणे'. 'सीलबंद' हा शब्द सचिवांचा. मी नुसतं 'रिंग बदलणे' असं लिहून दिलं होतं. त्यांना वाटलं, लोक दागिन्यांचं व्याख्यान समजून येतील. आलंय का कोणी तसं? नाही ना? मग बसू या निवांत.

आधी हात वर करा. भर पावसात, सिग्नलला बंद पडलेल्या गाडीला किक मारत राहिलेले किती जण आहेत? बापरे, निम्मं सभागृह. आणि मागे बसून भिजलेल्या? त्याही धरू. त्यांनाच जास्त वेळ थांबावं लागतं.

मी एकतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत होते. मुलांना व्हेंचुरीचा प्रयोग लावून द्यायचा, नळ्यांमधली पाण्याची पातळी दाखवायची. नळी मधे अरुंद केली की तिथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. व्हेंचुरी नावाच्या इटालियन प्राध्यापकानं अठराव्या शतकाच्या शेवटी हे मांडलं. कार्ब्युरेटर म्हणजे तीच नळी. फरक इतकाच, की तिच्या अरुंद जागी एक बारीक तोटी असते आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल कमी दाबामुळे वर येऊन हवेत फवारलं जातं. कोणी ढकलत नाही, पंप नाही, वीज नाही. वजनानं एक भाग पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते. घरातल्या मापात सांगते. चहाचा एक चमचा पेट्रोल नीट जळायचं तर साधारण ४५ लिटर हवा हवी, म्हणजे दोन मोठ्या बादल्या भरून वर थोडी. एका चमच्यामागे एवढी हवा मोजून द्यायचं काम हे मुठीएवढं ओतीव यंत्र करतं. मला अजून त्याचं कौतुक वाटतं.

आता जे सांगायला मी आले ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वेळ संपला तरी राहायला नको. कुकरची रिंग कडक झाली की काय होतं? फुस्स करत वाफ बाहेर येते, शिट्टी होत नाही. आपल्याला दिसतं, ऐकू येतं, आपण रिंग बदलतो. म्हणून आपली समजूत झालीय की सील असतं ते आतलं बाहेर येऊ नये म्हणून. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीपुरतं ते खरं आहे. तिचं पॅकिंग गेलं तर पेट्रोल गळतं आणि आपण लगेच धावतो. पण कार्ब्युरेटर इंजिनाला जिथे जोडलेला असतो, तिथली रिंग उलटं काम करते. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून ती असते. आणि आत येणारी हवा दिसत नाही, वास देत नाही, जमिनीवर डाग पाडत नाही. गाडी नुसती आजारी पडते.

हे मला कसं कळलं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी माटुंग्याहून कालिन्याला चालत आले, रात्री अडीचला पोचले. इथे बसलेल्या प्रत्येकाकडे त्या रात्रीची एक गोष्ट असेल, तेव्हा माझी वाढवत नाही. आमच्या ह्यांची स्प्लेंडर बिल्डिंगखाली उभी होती. पाणी सीटच्या वर. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा सायलेन्सरमधून चिखल निघाला.

तेव्हा गॅरेजवाल्यांवर काय वेळ आली होती हे मी पाहिलंय. एकेकाच्या दारात चाळीस-पन्नास गाड्या. आमच्याजवळच्यानं आठवडाभरात गाडी चालू करून दिली. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर धुतला. मी त्याचे आभार मानले आणि आजही मानते. पण गाडीचा आवाज पूर्वीसारखा नव्हता. उभी असली की रेसिंग आपोआप वर-खाली व्हायचं आणि सिग्नलला थांबलं की दोन मिनिटांत बंद. कलानगरच्या सिग्नलला हे रोज किक मारायचे. ॲक्सिलरेटर सोडताना सायलेन्सरमधून फटफट फुटायचं.

मग सुरू झाल्या फेऱ्या. ह्यांची रेल्वेतली ड्यूटी शिफ्टची, म्हणून गाडी घेऊन मीच जायचे. मी सांगायचे, "दादा, उभी असताना बंद पडते, पळताना चांगली पळते." तो गाडीवर बसायचा, गल्लीतून भरधाव चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "ताई, गाडी मस्त आहे. साहेबांना पाठवा, त्यांना सांगतो." मी जे सांगत होते तेच नेमकं दुखणं होतं, पण ते ऐकायला साहेब हवे होते! साहेब रात्रपाळी करून झोपलेले. ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. तीन महिन्यांत तीन गॅरेजं झाली, तिन्हीकडे हेच. तिसऱ्यानं सांगितलं, "कचरा आहे जेटमध्ये, भोक मोठं करतो," आणि मेन जेटमधून बारीक तार फिरवली.

इथे जरा थांबते, कारण ही तार अजूनही फिरते. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी. तो पितळेचा असतो आणि पितळ मऊ. ०.९० मिलिमीटरचं भोक ०.९५ झालं तर डोळ्याला काही कळत नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणजे पेट्रोलची वाट जवळजवळ ११ टक्क्यांनी रुंद झाली. आमचं ॲव्हरेज साठवरून पंचेचाळीसवर आलं, प्लग काजळीनं काळा झाला आणि सिग्नलला गाडी बंद पडायची ती पडतच राहिली. का? गाडी उभी असताना मेन जेटचं कामच नसतं. तेव्हा पेट्रोल येतं ते पायलट जेटमधून. ज्या दाराचा संबंध नाही ते दार रुंद करून ठेवलं.

आणि भरधाव चक्कर मारून दोष का सापडत नव्हता? पळताना इंजिन एवढी हवा ओढतं की फटीतून चोरून आलेली चिमूटभर हवा त्यात कुठे लागतही नाही. गाडी उभी असताना स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणारा सरकता भाग, जवळजवळ बंद, एकूण हवाच थोडी, आणि स्लाइडच्या मागे इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त. तेव्हा तीच चिमूटभर हवा सगळं गणित मोडते. दोष उभ्या गाडीत होता आणि ते शोधत होते पळत्या गाडीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी कार्ब्युरेटर स्वतः काढला. गॅलरीत, परातीत, जुन्या धोतराच्या तुकड्यावर. इंजिनाकडच्या तोंडाला बघते तर रिंग चपटी, नखानं टोचली तर तुकडा पडला. तिच्यावर कोणीतरी करड्या सिलिकॉन पेस्टचा थर दिलेला. साध्या सिलिकॉनला पेट्रोल चालत नाही. ते फुगतं, सुटतं आणि त्याची कातडी आत जाते. पायलट जेटच्या तोंडाशी तसलाच एक करडा कण अडकलेला होता. कार्ब्युरेटरचं तोंड मी आरशावर ठेवलं आणि मागे बॅटरी धरली, तर मधून प्रकाशाची रेघ! पेस्ट लावूनही हवा थांबेना, तेव्हा दोन्ही नट इतके आवळले होते की तोंडच धनुष्यासारखं वाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी नागदेवी स्ट्रीटला गेले. क्रॉफर्ड मार्केटच्या मागची ही गल्ली ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा खास जावं. बेअरिंग, ऑइल सील, सगळ्या मापांच्या ओ-रिंग, म्हणजे आपल्या रबरी गोल रिंग, दोऱ्यात ओवून लटकवलेल्या. दुकानदारानं जुनी रिंग हातात घेतली, मापाच्या सुळक्यात अडकवली आणि विचारलं, "पाण्याला पाहिजे, तेलाला की पेट्रोलला?" तीन महिन्यांत मला विचारलेला तो पहिला योग्य प्रश्न.

ओ-रिंगवरून आठवलं. तिचं अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टेन्सन या मूळच्या डॅनिश माणसाचं, १९३९ सालचं. उमेदीच्या काळात त्यानं ट्रामच्या एअर ब्रेकवर काम केलं होतं. रिंगच्या पेटंटचा अर्ज केला १९३७ साली, तेव्हा त्याचं वय होतं ७२. ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी पुढच्या रांगेत आहेत म्हणून मुद्दाम सांगते.

तर रबर कोणतं, हा प्रश्न आज २००५ पेक्षा जास्त महत्त्वाचा झालाय. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि आपल्या मुंबईच्या हवेत पाण्याला तोटा नाही. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसते, ती धातू खाल्ल्याची खूण. जुनं हलकं रबर इथेनॉलमध्ये फुगतं आणि सुकल्यावर आकसून तडकतं. म्हणून रिंग मागताना नुसतं 'पेट्रोलची' म्हणू नका, 'व्हायटॉनची द्या' म्हणा. रंगावर जाऊ नका; ती तपकिरी असते तशी काळीही असते. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं कडक मानक लागू झालं तेव्हापासून नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जवळजवळ दिसत नाही, म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांची गाडी आता जुनी आहे. रिंगही जुनीच असणार.

ही चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अरे देवा, उघडायचं कसं ते तर सगळंच राहिलं! भरभर सांगते, लिहून घ्या.

पहिलं आगीचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते. तुम्ही गॅलरीत बसलात आणि आत देव्हाऱ्यात समई आहे, तर ती वाफ समईपर्यंत पोचू शकते. म्हणून इंजिन गार झाल्यावर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल खाली, उघड्यावरच बाटलीत काढा, आणि रिकामा कार्ब्युरेटरच वर आणा. स्वयंपाकघरात नाही, कितीही उजेड असला तरी नाही. थर्माकोलची ताटली घेऊ नका, पेट्रोलमध्ये ती विरघळते. स्टीलचं ताट घ्या.

उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वाटीचे स्क्रू बहुतेक जपानी घडणीचे असतात. आपला नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. जेआयएस म्हणून मागा, मिळतो. वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची पिन अलगद ढकला, ती ज्या दोन खांबांत असते ते मोडले तर कार्ब्युरेटर गेला. मिश्रणाचा छोटा स्क्रू काढण्याआधी आत फिरवा, अगदी हलका टेकेपर्यंत, किती आटे गेला ते मोजा आणि लिहा. तेवढेच आटे परत उघडायचे आहेत. त्याच्या टोकाशी स्प्रिंग, छोटा वायसर आणि मोहरीएवढी ओ-रिंग असते. ती रिंग भोकातच चिकटून राहते आणि लोक तिच्यावर दुसरी बसवतात. बॅटरी मारून बघा. स्लाइडला लटकणाऱ्या सुईची, म्हणजे निडलची, क्लिप कितव्या खाचेत आहे तेही लिहा.

सगळं रबर बाहेर काढल्यावरच क्लीनर मारा. तार नाही, टाचणी नाही. जेट भिजत ठेवा, मग पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा मारून घ्या आणि उजेडाकडे धरा. भोक गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. व्हॅक्यूमवाला कार्ब्युरेटर असेल तर त्याचा पडदाही असाच उजेडाला धरा, सुईएवढं छिद्रही पुरतं.

तोंड वाकलं असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून त्यावर ते घासा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत, दाब न देता, रेघ जाईपर्यंत. मग नीट धुवा. रिंगला बोटानं जरासं इंजिन ऑइल लावून खाचेत बसवा. ती खाचेच्या जराशी वर दिसली पाहिजे, दाबली गेली तरच ती सील करते. पेस्ट अजिबात नाही. दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आणि मग दुसरा, असं केलं की तोंड पुन्हा वाकतं.

कॉक उघडून दहा मिनिटं थांबा. गळत नसेल तर गाडी चालू करा, गरम होऊ द्या आणि उभ्या गाडीत, फक्त उभ्या गाडीत, जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला तर फट अजून आहे. नाही बदलला तर रेसिंगचा स्क्रू लावा, हात काढा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका.

वेळ झाली. बाजूच्या टेबलावर ताटात दोन कार्ब्युरेटर सुटे करून ठेवलेत, आरसा आणि बॅटरीही आहे. आमची ती चपटी रिंग लिफाफ्यात आहे, ती बघा, पण परत लिफाफ्यात ठेवा. चहा आधी घेऊन या. भाग सगळे धुतलेत, तरी हाताला वास लागतोच.