अर्काचा थेंब आणि शुक्राणूचा पडदा

थंडीत ठेवलं की टिकतं, हा नियम दुधाला ठीक आहे. कृत्रिम रेतनासाठी साठवलेल्या शुक्राणूला मात्र आधी थंडीच मारते. शरीराच्या तापमानातून वीर्य झपकन ५ अंशांवर आणलंत, तर शुक्राणूच्या पडद्यातली प्रवाही चरबी गोठल्यासारखी होते, पडदा गळका होतो. यालाच शीताघात म्हणतात. डुकराचं वीर्य याला इतकं हळवं, की ते १७ अंशांच्या आसपासच ठेवतात.

१९४० मध्ये फिलिप्स आणि लार्डी या संशोधकांनी शीताघात टाळायला विरलकात, म्हणजे वीर्य पातळ करून साठवायच्या द्रावणात, अंड्याचा बलक वापरला. वळूच्या वीर्याचं त्यानं भलं झालं. बोकडाचं प्रकरण निराळं: त्याच्या वीर्यातलं एक विकर (एन्झाइम) बलकातल्या लेसिथिन या मेदद्रव्याचे तुकडे करतं आणि ते तुकडेच शुक्राणूंना विषारी ठरतात.

आता आजचा मुद्दा: विरलकात वनस्पतींचा अर्क कशाला घालायचा? ५ अंशांवर श्वसन मंदावतं, थांबत नाही. त्यातून ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात आणि पडद्यातल्या बहुअसंतृप्त मेदाम्लांवर तुटून पडतात. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. शुक्राणूत पेशीद्रव नावापुरतंच, त्यामुळे या हल्ल्याविरुद्ध घरचा बंदोबस्त तोकडा. आणि विरलक घालून आपण वीर्यद्रवातली संरक्षक द्रव्यंही पातळ करतो. ग्रीन टी, रोझमेरी, डाळिंबाची साल यांच्या अर्कातले पॉलिफेनॉल, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारी वनस्पतीजन्य द्रव्यं, हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतात. अर्काचं काम एवढंच. मेलेल्या शुक्राणूला तो उठवत नाही.

आणि मात्रा! इथेच बहुतेक जण घसरतात. थोडी आक्रमक रूपं शुक्राणूलाही हवीच असतात, फलनाची तयारी त्यांच्याशिवाय होत नाही. जास्त पॉलिफेनॉल उलटून ऑक्सिडीकरण वाढवू शकतात, त्यांतली टॅनिन ही तुरट द्रव्यं प्रथिनांना चिकटतात. हळदीतलं कर्क्युमिन तर पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. मग ते विरघळवायला अल्कोहोल किंवा डीएमएसओ हे द्रावक वापरावं लागतं. अशा वेळी नुसतं द्रावक घातलेला एक गट ठेवलाच पाहिजे. तो नसेल, तर परिणाम हळदीचा की अल्कोहोलचा, कसं सांगणार? असा गट नसलेला निष्कर्षांचा तक्ता मी तरी बाजूला ठेवतो. शिवाय एकाच वीर्याचे भाग पाडून तुलना करा. दोन वळूंमधला फरक अर्काच्या नावावर खपायला नको. शुक्राणूंची चलनक्षमता वाढली म्हणून हुरळू नका. मादी गाभण राहते का, हे रेतन केल्यावरच कळतं.

मघाशी मागून कुणी तरी विचारलं, ग्रीन टी उकळून, गाळून थेट घातला तर? नको. त्याचा सामू (पीएच) ठरवलेला नाही, जंतू मोजलेले नाहीत. आणि सगळ्यात आधी, तो जवळजवळ नुसतं पाणीच आहे. वीर्याचा परासरणीय दाब, म्हणजे त्यात विरघळलेल्या द्रव्यांची तीव्रता, सुमारे ३०० मिलिऑस्मोल. पातळ द्रावणात पाणी आत घुसतं आणि शेपट्या वेटोळ्या होतात. पडदा शाबूत आहे का, हे पाहायला आपण हीच युक्ती वापरतो, फक्त तिथे ती मुद्दाम केलेली असते.