आबार एशो

नमस्कार श्रोतेहो.

मी नागपूरची. गीतांजली एक्स्प्रेस आमच्या गावावरून रोज हावड्याकडे जाते. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ साली ती सुरू झाली. स्टेशनवर तिचा पुकारा लहानपणापासून ऐकला, पण तिच्यात बसायचा योग आला तो गेल्या डिसेंबरात. माझी आई, नवरा, नववीतली लेक आणि मी. खरं म्हणजे मला डोंगर बघायचे होते. आईला चढण नको म्हणून कोलकाता ठरलं. आज मी तुमच्याशी बोलायला बसले आहे, ती त्या शहरावर जीव जडला म्हणून.

हावडा स्टेशनातून बाहेर आलं की समोरच नदी. टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा आम्ही फेरीबोटीत बसलो. आईने माझा हात घट्ट धरला होता. बोट वळली आणि हावड्याचा पूल डोक्यावर आल्यासारखा दिसला. साडेसव्वीस हजार टन पोलाद, आणि हुगळीच्या पात्रात एकही खांब नाही. नटबोल्टही नाहीत, सगळं रिव्हेटांनी जोडलेलं. ऐन युद्धात, १९४३ साली तो खुला झाला. लेक आकडे वाचून दाखवत होती, आणि आईने नदीला हात जोडले होते. तिच्या लेखी ती गंगाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पुलाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार बघितला. मांडीएवढ्या जाड झेंडूच्या माळांचे वेढे खांद्यावर टाकून माणसं चिखलातून धावत होती. ‘शोरून, शोरून’ म्हणजे बाजूला व्हा, हे आम्हाला न सांगता कळलं! व्हिक्टोरिया मेमोरियल सुंदर आहे, जरूर बघा, पण मी त्यात रमले नाही. मी रमले कुमारटुलीत. तिथल्या अरुंद गल्ल्यांत मूर्तिकारांच्या शाळा आहेत. सरस्वतीपूजा जवळ आलेली, त्यामुळे ओळीने सरस्वत्या बसलेल्या, अजून बिनडोक्याच्या. बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने आवळलेला पेंढा, त्यावर चिकणमाती. एक म्हातारे कारागीर नुसती बोटं वळत होते. बोटभर माती तळव्यावर फिरवायची, टोक किंचित वाकवायचं, नखाने नख काढायचं आणि फळीवर ठेवायचं. फळीवर पन्नासेक बोटं वाळत होती. आमच्या लेकीने अर्धा तास जागचं हलायचं नाव घेतलं नाही.

आता जे सांगायचं आहे, ते सांगते. कुमारटुलीच्या शेजारी बागबाजार. तिथे एका गल्लीचं नाव आहे ‘मराठा डिच लेन’. डिच म्हणजे खंदक. १७४२ साली कोलकात्याच्या लोकांनी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. ते मराठे म्हणजे बंगालवर स्वाऱ्या करणारे, आमच्या नागपूरकर भोसल्यांचे सैनिक. आपला ‘बारगीर’, म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, हा शब्द बंगालीत ‘बोर्गी’ झाला. शाळेत आम्ही या स्वाऱ्या पराक्रम म्हणून शिकलो. बंगालच्या खेड्यांनी मात्र त्या जाळपोळ आणि लूट म्हणून लक्षात ठेवल्या. खंदक पुरा झालाच नाही आणि मराठेही शहरापर्यंत आले नाहीत. पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला. त्या गल्लीत उभी असताना मला फार अवघडल्यासारखं झालं. आपल्या गावाचं नाव कुणाच्या तरी धास्तीशी जोडलेलं आहे, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि कुणाच्या तरी दारात उभं राहून कळणं वेगळं.

तिथून श्यामबाजारला येऊन ट्राममध्ये बसलो. या शहरात ट्राम १८७३ मध्ये घोड्यांनी ओढली जायची, १९०२ पासून ती विजेवर धावते. आता थोडेच मार्ग उरलेत, आणि ते बंद पडू नयेत असं मला मनापासून वाटतं. खिडक्या उघड्या, डबा डुलतोय, चालकाच्या पायाखाली घंटा ठणठणतेय. रस्त्याने चालणाऱ्याचा चेहरा नीट बघता येईल इतकाच वेग.

आईच्या शेजारी तिच्याच वयाच्या एक बाई येऊन बसल्या. त्यांनी बंगालीत विचारलं, कुठून आलात? आई म्हणाली, ‘नागपूर.’ बाईंचे डोळे मोठे झाले. ‘ओ मा! बोर्गी!’ आणि खळखळून हसत त्यांनी आईच्या मांडीवर थाप मारली. मग हलक्या आवाजात एक अंगाईच म्हणून दाखवली. बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बोर्गी आले, आता सारा कशाने भरू, असा तिचा अर्थ. त्यांच्या आजीने ती त्यांना म्हटली होती आणि त्यांनी नातवाला.

आईला काय बोलावं कळेना. तिने पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढला आणि उघडून त्यांच्यापुढे धरला. बाईंनी एक वडी तोंडात टाकली, दुसरी रुमालात बांधली, म्हणाल्या, ‘नातवासाठी.’

हेदुआला त्या उतरल्या. ट्राम सुटली तरी खिडकीला हात धरून दोन पावलं बरोबर चालल्या आणि आईला म्हणाल्या, ‘आबार एशो.’ पुन्हा ये.

आई मान बाहेर काढून बघत राहिली, त्यांची पांढरी साडी गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत.