बंद गाळ्याखालची माती कोणी तपासायची?

नमस्कार. आज मी मध्य नागपुरातील एका अरुंद गल्लीत, गंजलेल्या शटरसमोर उभा आहे. या गाळ्यात पूर्वी ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त होत असत. शटरच्या खालच्या फटीतून डोकावले, तर आम्लाने खाऊन खडबडीत झालेली फरशी दिसते, फरशीच्या सांध्यांत करडी भुकटी साचलेली आहे आणि मागच्या भिंतीतून पिंपळाचे रोप वर आले आहे. जागा मोक्याची आहे, तरीही अनेक वर्षांत ती घ्यायला कोणी पुढे आलेले नाही, असे शेजारचे दुकानदार सांगतात.

जुन्या उद्योगामुळे किंवा व्यवसायामुळे जमीन दूषित झाली असेल, किंवा झाल्याचा नुसता संशय असेल आणि त्यामुळे ती पडून राहिली असेल, तर अशा जागेला ब्राउनफील्ड म्हणतात. कापड रंगवण्याचे बंद कारखाने, जुने पेट्रोल पंप, कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगची दुकाने, ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचे शेड हे सगळे त्यात येऊ शकतात. यातील ‘संशय’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अशा असंख्य जागा संशयापोटीच अडकून पडतात. घेणाऱ्याला खर्चाचा अंदाज येत नाही, बँकेला तारण पक्के वाटत नाही आणि तपासणीत काही निघाले तर आपल्याच गळ्यात पडेल या धास्तीने मालकही माती तपासत नाही.

अमेरिकेने ही कोंडी कायद्यातूनच ओढवून घेतली होती. तेथे १९८० च्या कायद्याने दूषित जमिनीच्या सफाईची जबाबदारी प्रदूषण करणाऱ्यासोबत त्या जमिनीच्या सध्याच्या मालकावरही टाकली. हेतू रास्त होता. पण दुसऱ्याने केलेल्या घाणीचे बिल आपल्या नावावर येईल, या भीतीने उद्योजकांनी शहरातील जुन्या जागा सोडल्या आणि शहराबाहेरची कोरी शेतजमीन धरली. १९९५ मध्ये तेथील पर्यावरण संस्थेने ब्राउनफील्ड कार्यक्रम सुरू केला, आणि त्यातील सुरुवातीची अनुदाने जास्तीत जास्त २ लाख डॉलरची, म्हणजे मुख्यतः जागा तपासून आराखडा करण्यापुरतीच होती. पुढे २००२ च्या कायद्याने, खरेदीपूर्वी रीतसर चौकशी करून प्रामाणिकपणे व्यवहार करणाऱ्याला जुन्या प्रदूषणाच्या दायित्वापासून संरक्षण दिले.

आपल्याकडे दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केंद्र सरकारने २०२५ मध्ये अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने गोळा करायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांची तपासणी करायची आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा, अशी ही रचना आहे. नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोसारख्या घनकचऱ्याच्या जागा मात्र या नियमांत येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत.

आता या गाळ्याकडे परत येऊ. तपासणीची सुरुवात कागदांपासून आणि माणसांपासून होते. आखीव पत्रिकेवरून, म्हणजे शहरातील मिळकतीच्या सरकारी नोंदीवरून, मालकी कशी बदलत गेली ते समजते, परंतु आम्ल कोणत्या कोपऱ्यात ओतले जात होते हे कोणत्याही कागदावर नसते. ते येथे काम केलेल्या जुन्या कारागिरालाच ठाऊक असते. त्याने दाखवलेल्या ठिकाणी फरशी काढून हाताने फिरवायच्या गिरमिटाने माती काढतात, आधी वरच्या थराची आणि मग टप्प्याटप्प्याने खालची. आपली काळी माती ओली असली की गिरमिटाला लोण्यासारखी चिकटते, म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर गिरमीट धुवावे लागते. नाहीतर वरच्या मातीतले, बॅटऱ्यांतून आलेले शिसे खालच्या नमुन्यात उतरते आणि सगळी तपासणी वाया जाते. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, आणि त्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी थेट खाली जाते. म्हणून शेजारच्या विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणीही तपासायला हवे.

शिसे सहसा वरच्या थरात धरून राहते, पण बॅटरीच्या आम्लामुळे ते सुटे होऊन खाली सरकू शकते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि त्याचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही. उपाय मात्र आहेत: सर्वाधिक दूषित माती काढून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवणे, उरलेल्या मातीत फॉस्फेट मिसळून शिसे बांधून टाकणे आणि वरून काँक्रीटचा पक्का थर देणे. यांपैकी किती करायचे हे पुढच्या वापरावर ठरते. येथे अंगणवाडी काढायची असेल तर निकष अतिशय कडक हवेत. गोदाम करायचे असेल तर तुलनेने कमी सफाईत काम भागू शकते. म्हणून जागेचे काय करायचे हे गल्लीने आधी ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कामाचे ज्ञान आपल्याच शहरात आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेली आणि १९७४ पासून नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या नावाने ओळखली जाणारी संस्था नागपुरातच आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड परिसरातील माती आणि भूजल यांचा अभ्यास करणाऱ्यांत ती होती. त्या कारखान्यातील सुमारे ३३७ टन घातक कचरा इंदूरजवळच्या पिथमपूरला हलवायला २०२५ उजाडावे लागले, म्हणजे १९८४ च्या दुर्घटनेनंतर ४० वर्षे गेली.

जागा स्वच्छ झाली की तिचा भाव वाढतो, आणि मला खरी काळजी तेथेच वाटते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू केली आणि या शहराच्या कित्येक पिढ्या तिच्या भोंग्यावर जगल्या. आज त्या जमिनीच्या एका भागावर मॉल आहे. जमिनीला नवे मोल मिळाले. पण साच्यांवर काम केलेल्या घरांच्या वाट्याला त्यातले किती आले, हे विचारल्यावाचून मला राहवत नाही. या गाळ्याबाबत तसे होऊ नये यासाठी भाड्याचा दर, मुदत आणि गल्लीतील कारागिरांचा प्राधान्यहक्क हे करारात लिहून घ्यायला हवे, आणि तो करार फरशी उखडण्यापूर्वी व्हायला हवा. नमुने घेण्याचे आणि सफाईचे काम स्थानिक तरुणांना सुरक्षेच्या साधनांसह शिकवता येते. अमेरिकेत १९९८ पासून अशा प्रशिक्षणासाठी वेगळा निधी दिला जातो.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. या गाळ्याच्या छपरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत आणि त्यांत अॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसांना घातक ठरणारे खनिज तंतू, असण्याची दाट शक्यता आहे. असे पत्रे हातोड्याने फोडू नका. ते पाण्याने भिजवून, योग्य मास्क लावलेल्या प्रशिक्षित माणसांकडून अख्खेच्या अख्खे उतरवून घ्या, आणि ते काम चालू असताना मुलांना गल्लीत खेळू देऊ नका.