आयर्लंड : करारानंतरची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. तिच्यापुढे आयर्लंडचं उदाहरण होतं. पण त्याच महिन्यात डब्लिनमध्ये होमरूलची वाट सोडून बंडखोरांनी जनरल पोस्ट ऑफिस ताब्यात घेतलं आणि प्रजासत्ताक जाहीर केलं. सहा दिवसांत बंड मोडलं. डब्लिनकर तेव्हा बंडखोरांवर चिडलेच होते. कितीतरी घरांतली मुलं ब्रिटिश सैन्यातून महायुद्धात लढत होती. मग सरकारने बंडाच्या नेत्यांना एकामागून एक गोळ्या घातल्या. जखमी जेम्स कॉनोलीला तर खुर्चीत बसवून. तिथे लोकमत फिरलं.

इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला पुढची सांगायची आहे, कारण तीच बहुतेक वेळा गाळली जाते.

स्वातंत्र्यासाठीच्या लढ्यानंतर ६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश सरकार आणि आयरिश नेते यांच्यात करार झाला. उत्तरेचे सहा परगणे आधीच वेगळे काढलेले होते. उरलेल्या सव्वीसांना स्वराज्य मिळालं, पण प्रतिनिधींनी राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची होती. करारावर सही करणाऱ्या मायकेल कॉलिन्सचं म्हणणं, हे पूर्ण स्वातंत्र्य नव्हे, पण यातूनच ते मिळवता येईल. आयरिश चळवळीचे नेते एमन डी व्हॅलेरांना ते मान्य नव्हतं. आयरिश संसदेत ६४ विरुद्ध ५७ मतांनी करार मंजूर झाला. त्या चर्चेत शपथेवर दिवसचे दिवस गेले, फाळणीवर मात्र फार थोडे बोलले. उत्तरेत पुढे किती हिंसाचार झाला हे माहीत असताना ही गोष्ट फार लागते.

जून १९२२ मध्ये करार मानणारे आणि न मानणारे यांच्यात यादवी पेटली. ऑगस्टमध्ये कॉलिन्स त्याच्याच कॉर्क परगण्यात आयरिश गोळीने पडला. वय अवघं ३१. डिसेंबरमध्ये करार मानणाऱ्या आयरिश सरकारने चार करारविरोधी कैद्यांना खटला न चालवता गोळ्या घातल्या. त्यांत रोरी ओ'कॉनर होता. त्याला मृत्युदंड देणाऱ्या मंत्रिमंडळात केव्हिन ओ'हिगिन्स होता. वर्षभरापूर्वी त्याच्याच लग्नात ओ'कॉनर पाठराखा म्हणून उभा राहिला होता! १९२७ मध्ये चर्चला जाताना ओ'हिगिन्सचीही हत्या झाली. यात खलनायक कोण, मला ठरवता येत नाही. दोघंही देशासाठीच उभे होते.

त्याच वर्षी डी व्हॅलेरा शपथेच्या वहीत सही करून संसदेत गेले. पुढे सत्तेत आल्यावर, १९३३ मध्ये, त्यांनी ती शपथ रद्द केली. त्यासाठी गोळी झाडावी लागली नाही, साधा कायदा पुरला. कॉलिन्स हेच तर म्हणत होता. सहा परगणे मात्र आजही ब्रिटनकडेच आहेत.