गडग्यांची लिपी

मंडळी, पडद्यावर हे चित्र आलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "नुसते फराटे आहेत." आहेतच. जाड, खरबरीत, एकमेकांना अडवणारे फराटे. आकाश नाही, क्षितिज नाही. ओटोन ग्लिहा या क्रोएशियन चित्रकाराने चाळीसहून अधिक वर्षं हाच विषय रंगवला. लोक त्याला अमूर्त चित्रकार म्हणून मोकळे झाले. माझं म्हणणं उलट आहे. हा माणूस डोळ्यांसमोर दिसेल तेच काढत होता.

त्याला काय दिसत होतं, ते आधी बघू. क्रोएशियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ कृक नावाचं बेट आहे. रोमन लिपीत या नावात स्वरच दिसत नाही, म्हणून पाहुणे अडखळतात. आपण अडखळायचं कारण नाही, मधला तो चक्क आपला ऋ आहे. बेट चुनखडीच्या दगडाचं. हिवाळ्यात ईशान्येकडच्या डोंगरांवरून थंड वारा कोसळतो, त्याचं नाव बुरा. हसा, पण तिथल्यांना विचारलंत तर नाव चपखल आहे असंच म्हणतील. हा वारा समुद्राचं खारं पाणी उडवून जमिनीवर आणतो. बाश्का गावाच्या बाजूला तर कित्येक ठिकाणी उघडा दगडच दिसतो.

अशा जागी शेतकरी काय करणार? दगड वेचणार. वेचलेला दगड कुठे टाकणार? कडेला रचणार. चुना नाही, चिखल नाही. दगडावर दगड, फटीत चिप. कोकणातली मंडळी आत्ता मनात म्हणाली असतील, अहो, हा तर गडगा! बरोबर. तिकडे त्याला 'ग्रोमाचा' म्हणतात. माझ्या आजोळी पावसाळ्यात गडगा ढासळला की आजोबा कोणालाही न बोलावता एकटेच रचत बसायचे. एकेक दगड हातात फिरवून बघायचे, कुठली बाजू बसते ते. कृकवर ही बांधाबांध किती पिढ्या चालली असेल! मेंढ्या आत राहतात, माती अडते, आणि फटींमधून वारा निघून जातो म्हणून भिंत टिकते. दगड असे कोरडे रचण्याची ही कला 2018 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. क्रोएशियासह आठ देशांनी मिळून ती मांडली होती.

ग्लिहा मात्र या बेटावरचा नव्हे. जन्म 1914 चा, आज स्लोव्हेनियात असलेल्या चर्नोमेल्य गावचा. शिक्षण क्रोएशियाची राजधानी झाग्रेब इथल्या कला अकादमीत. बेटाशी नातं जुळलं ते पत्नीमुळे. ती याच बेटावरच्या ओमिशाल्य गावची. म्हणजे हा सासुरवाडीचा मुलूख. मला हे महत्त्वाचं वाटतं. बेटावर जन्मलेल्याला गडगा दिसत नाही, तो ओलांडायचा असतो. जावई उंचवट्यावर उभा राहून बघत बसतो.

1954 साली तिथे रेखाटनं करताना त्याला जाणवलं की या भिंतींची वळणं आपण आधी कुठेतरी पाहिली आहेत. कुठे? बाश्काच्या शिलालेखात.

हा शिलालेख सुमारे 1100 सालचा. बाश्काजवळच्या युरांद्वोर इथल्या संत लुसीच्या चर्चमध्ये 1851 मध्ये तो लोकांच्या नजरेस आला. लिपी ग्लागोलिक, म्हणजे क्रोएशियन चर्चने शतकानुशतकं जपलेली जुनी स्लाव लिपी. मजकूर काय, तर राजा झ्वोनिमिरने चर्चला जमीन दान दिली. आणि हे जो नाकारील त्याला देव, बारा प्रेषित, चार शुभवर्तमानकार आणि संत लुसी शाप देवोत! आपल्या शिलाहारांच्या राज्यातही त्या शतकांत भूदानं दगडावर कोरली जात होती. दान मोडणाऱ्याला गद्धेगाळीवर, म्हणजे त्या शापाच्या दगडावर, काय शाप दिलाय, ते इथे मुलं बसली आहेत म्हणून सांगत नाही.

आता गंमत बघा. लेख जमिनीची मालकी सांगणारा, आणि गडगेही जमिनीची मालकीच सांगणारे. साम्य नुसतं वळणाचं नाही. राजाने अक्षरांत जे लिहून दिलं, तेच शेतकरी अक्षरं न शिकता डोंगरभर लिहीत होता. ग्लिहाने जाड रंगाचे थरावर थर चढवून तेच पुन्हा लिहिलं. रंग रचलाय, फासलेला नाही. जवळ जाऊन बघाल तर कळेल.

मूळ शिळा 1934 पासून झाग्रेबच्याच, पण वेगळ्या, क्रोएशियन विज्ञान आणि कला अकादमीत आहे, चर्चमध्ये तिची प्रतिकृती. ग्लिहाही झाग्रेबलाच राहायचा. तरी साम्य दिसलं ते बेटावर, उन्हात उभं राहिल्यावर.

एक चूक माझ्याकडूनही झाली. "पत्नी ओमिशाल्यची" एवढं सांगून मी पुढे गेलो. तिचं नाव मिला कुंबाटोविच, आणि तीही चित्रकारच. बेटावर जन्मलेली ती, आणि 'कृकचा चित्रकार' म्हणून नाव झालं जावयाचं. दिवे इतक्यात लावू नका, पुढची चित्रं तिची आहेत.