विटेवरचा पिंपळ

सदाशिव पेठेतली ही काकूंची गच्ची. कठड्यालगत बोन्सायच्या कुंड्या मांडल्यात: जेड, फायकस, बोगनवेल. आणि अगदी टोकाला हा पिंपळ, जेमतेम २ फुटांचा.

पाखराच्या विष्ठेतून बी पडलं आणि तो एका जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवला. वाडा पाडला तेव्हा काकूंनी त्याला सोडवून आणलं, पण मुळांनी धरलेली वीट काही सुटेना. मग विटेसकटच लावला. दगडाला मुळांनी कवटाळलेलं झाड ही जपानी बोन्सायमधली जुनी शैली आहे, सेकिजोजू. इथे दगडाच्या जागी चुना लागलेली पातळ वीट आहे. पुण्यातल्या पिंपळाला याहून शोभणारा आधार मला सुचत नाही.

समोरून मात्र खोड सरळसोट दिसतं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत जवळपास एकाच जाडीचं. परीक्षक इथेच गुण कापतील, आणि योग्यच करतील. खोड वर निमुळतं होत गेलं नाही, तर झाडाचं वय डोळ्यांना पटत नाही.

आता डावीकडे या. गुडघे वाकवा, नजर कुंडीच्या काठाशी आणा. भेगेत दबून मुळं चपटी झालीत. त्यातलं एक विटेच्या कोपऱ्यावरून काटकोनात वळून मातीत उतरतं. बोन्सायला आकार देण्यासाठी तार गुंडाळतात, पण असं वळण तारेनं देता येत नाही, ते भिंतीनंच दिलंय. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात, गर्दीत उभं राहून एकाच बाजूनं पाहिलं असतं तर हे हुकलं असतं.

पहिली फांदी एक तृतीयांश उंचीवर असावी, हा संकेत इथे मोडलाय. त्याला माझी हरकत नाही. वरच्या दोन फांद्यांवर तार रुतल्याचे वळ आहेत, ते खटकतात. पावसाळ्यात पिंपळ झपाट्यानं भरतो, तार आधीच कापायला हवी होती. पानं मोठी आहेत. सगळी खुडली तर नवी लहान येतात, पण लांब देठांमुळे दाट गुच्छ जमत नाही. तो जमवण्याचा हट्टही धरू नये. झुळूक आली की सळसळणं, हेच तर पिंपळाचं रूप.

खरा आक्षेप कुंडीवर. चकचकीत निळ्या झिलईपुढे विटेचा रंग मरतो. बिनझिलईची, मातकट, उथळ कुंडी हवी, आणि झाड फिरवून डावी बाजू समोर घ्यायला हवी.

कुंडीचं काकूंना लगेच पटलं. झाड फिरवायला त्या तयार नाहीत: "अहो, चुना समोरून दिसतो. फिरवलं तर वाड्याची खूणच मागे जाईल." त्यांचं म्हणणं खरं आहे. तरीही मी डाव्या बाजूवर ठाम आहे.